रोजच्या दिवसातून बोध कसा घ्यावा: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

कीर्तन-प्रवचनाला नियमानं जाणारी माणसं एका टप्प्यावर हमखास एक प्रश्न विचारतात. ऐकताना सगळं पटतं. पण सकाळी डबे करायचे, बस गाठायची, ऑफिसात दिवस घालवायचा, घरी आल्यावर पुन्हा स्वयंपाक. यात अध्यात्म बसवायचं कुठे? बरेच जण 'निवृत्त झाल्यावर बघू' म्हणून विषय बाजूला ठेवतात. मला ते फार लागतं, कारण आपल्या संतांनी असं थांबायला कधी सांगितलंच नाही. जनाबाई जात्यावर बसली होती, सावतोबा अरणला आपल्या मळ्यात राबत होते, गोरोबाकाका माती तुडवत होते. त्यांना जे मिळालं ते कामाच्या जागीच मिळालं.

मी पुण्यात एका बँकेत नोकरी करते. गेली काही वर्षं रोज रात्री एक वही लिहिते. सुरुवात करताना मला कुणी पद्धत सांगितली असती तर बरंच चाचपडणं वाचलं असतं, म्हणून ती इथे क्रमानं देते.

काय काय लागेल

- एक शंभर पानी आखीव वही. अप्पा बळवंत चौकात कुठल्याही दुकानात मिळेल. मोबाइलवर लिहू नका. लिहिता लिहिता मेसेज येतात, आणि लिहिलेलं लगेच कुणाला तरी पाठवावंसं वाटतं.
- दोन रंगांची पेनं.
- तिथी दिलेलं भिंतीवरचं कॅलेंडर.
- रोज थोडं वाचायला एक ग्रंथ. घरात जो असेल तो चालेल: ज्ञानेश्वरी, तुकोबांची गाथा, एकनाथी भागवत. तीन ग्रंथ एकदम काढून बसू नका.
- एक माणूस, जो ऐकून घेईल आणि गरज पडली तर 'हे मला पटत नाही' असं तोंडावर सांगेल. नवरा, बहीण, मैत्रीण, कुणीही.

माळ घातलेली हवी, गुरुमंत्र घेतलेला हवा, अशी कुठलीही अट नाही.

१. वेळ ठरवा

झोपण्याआधी पंधरा मिनिटं. सकाळी लिहायला गेलात तर कालचा दिवस धूसर झालेला असतो आणि आजची घाई मानेवर बसलेली असते. रोज जमलं नाही तर आठवड्यातून चार दिवस लिहा, पण वेळ तीच ठेवा.

२. आधी फक्त घटना लिहा

सगळ्यात जास्त कष्ट याच पायरीवर घ्या. पुढचं सगळं हिच्यावर उभं राहतं.

डाव्या पानावर दिवसातली एकच घटना लिहायची. कुठे, किती वाजता, कोण काय बोललं, कुणाच्या हातांनी काय केलं. बोललेले शब्द जमतील तितके जसेच्या तसे. या पानावर समाधान, त्याग, श्रद्धा, अहंकार असे मोठे शब्द आणायचे नाहीत.

नवखा माणूस साधारण असं लिहितो: 'आज मंडईतल्या भाजीवालीनं मला समाधान म्हणजे काय ते शिकवलं.' वाक्य छान आहे, पण त्यात ती बाई कुठेच दिसत नाही. चार महिन्यांनी वाचलं तर काय घडलं होतं ते तुम्हालाही आठवणार नाही.

माझ्या वहीतलं तेच पान असं आहे: 'संध्याकाळी साडेसात, मंडई. मेथीच्या तीन जुड्या उरल्या होत्या. मी म्हटलं, तिन्ही द्या. म्हणाली, ही एकच घ्या ताई, त्या दोघींची पानं पिवळी पडलीत, मी घरी नेते. एका जुडीचे पैसे घेतले. माझ्या मागची बाई म्हणाली, मला चालेल पिवळी. तिलाही दिली नाही.'

आता यात समाधान शोधून बघा. सापडत नाही. दिवसभर बसून ती दमली होती, उरलेला माल खपला असता तर तिला हवाच होता. दिसतं ते असं: घेणारा घ्यायला तयार असतानाही तिनं कमी प्रतीचा माल दिला नाही. मोठा शब्द आधी लिहिला असता तर हे माझ्या नजरेतून सुटलं असतं. बोध नेहमी अशा तपशिलात सापडतो. म्हणूनच आधी घटना लिहायची.

३. मनात काय उठलं ते उजव्या पानावर, दुसऱ्या रंगानं

घटना आणि आपलं मन यांची सरमिसळ होऊ देऊ नका. एका नातेवाइकानं बाणेरला घर घेतलं. वास्तुशांतीचं जेवण झालं, गॅलरीतून टेकडी दिसत होती, सगळ्यांनी कौतुक केलं. हे डावीकडे. उजवीकडे मी लिहिलं: 'गॅलरीत उभी असताना पोटात काहीतरी आवळलं. घरी येताना रिक्षात बोलावंसं वाटलं नाही.'

इथे एक सापळा आहे. 'मला मत्सर वाटला, मी किती क्षुद्र' असं लिहून स्वतःला झोडपण्यात पान भरतं आणि बघायचं राहून जातं. शरीरात काय झालं, किती वेळ टिकलं, कशानं ओसरलं एवढंच टिपा. शिक्षा देण्याचं काम तुमच्याकडे कुणी सोपवलेलं नाही. काही आठवडे असं लिहिल्यावर ते आवळणं नेमकं कुठल्या प्रसंगांत येतं ते आपोआप दिसायला लागतं.

४. एका घटनेतून एकच गोष्ट घ्या

ही कला ज्यांच्याकडून शिकावी असा एक जुना प्रसंग आपल्याकडे आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला एक अवधूत भेटतो. राजा विचारतो, तुझ्याकडे काही नाही, तरी तू इतका आनंदात कसा? अवधूत सांगतो, मी चोवीस गुरू केले. आपल्याकडे घरोघरी दत्तगुरूंचे चोवीस गुरू म्हणून जे सांगतात ते हेच. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी यांच्यापासून सुरू होणारी ही यादी अजगर, मधमाशी, कोळी अशांपर्यंत जाते. मधे बाण करणारा एक कारागीर येतो, पिंगला नावाची गणिका येते, एक लहान मूल येतं.

लहानपणी आपण ही यादी पाठ करतो आणि सोडून देतो. मोठेपणी ती पद्धत म्हणून वाचा.

अवधूत प्रत्येकाकडून अगदी नेमकं काहीतरी घेतो. बाण करणारा कामात इतका गढलेला होता की शेजारून राजाची स्वारी गेली तरी त्याला कळलं नाही. अवधूतानं त्याच्याकडून एकाग्रता घेतली आणि पुढे गेला. तो माणूस घरी कसा वागतो, धार्मिक आहे की नाही, याची चौकशी केली नाही. आपण मात्र एखाद्यात एक गुण दिसला की त्याला संत करून टाकतो, आणि नंतर त्याचा दोष दिसला की तो गुणही फेकून देतो.

दुसरं असं की काही गुरू 'असं करू नये' हे शिकवतात. पतंग ज्योतीवर झेपावतो, मासा गळाला लागतो, हरीण गाण्याला भुलतं. म्हणजे आपल्याला खटकलेला प्रसंगही वहीत यायला हरकत नाही. फक्त त्यातून स्वतःसाठी काय घेतलं ते लिहायचं.

आणि अवधूताची नजर! पाहुणे घरी आलेत, घरात कुणी मोठं नाही, म्हणून एक मुलगी आत जाऊन भात कांडायला बसते. हातातल्या काकणांचा आवाज होतो. घरातली ओढग्रस्ती पाहुण्यांना कळेल म्हणून ती काकणं कमी करत जाते. दोन-दोन उरली तरी आवाज होतोच. एकेक उरल्यावर थांबतो. अवधूत इथपर्यंत बघतो. मग सांगतो: अनेक जण एकत्र आले की कलह, दोघं असले तरी बोलणं होतंच, म्हणून एकटं राहावं. काकणांची संख्या पाहिली नसती तर हा बोध हाती आला नसता.

एकनाथ महाराजांनी याच अकराव्या स्कंधावर ओवीबद्ध टीका लिहिली आणि ती वाराणसीत १५७३ साली पूर्ण केली. चोवीस गुरूंचा भाग सातव्या ते नवव्या अध्यायांत आहे. सुरुवात करणाऱ्यांनी पहिला महिना रोज एक गुरू वाचावा आणि त्याच दिवशी आपल्या आजूबाजूला त्या गुणाचं काही दिसतं का ते बघावं. सापडलं नाही तर ओढूनताणून शोधू नये.

पुण्यातल्या घरात याची सोय आयती होते. दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद राहणार असलं की बुधवारी रात्री आपण पिंप, कळशा, बादल्या भरून ठेवतो. गुरुवारी तेवढ्यात सगळं भागतं. भांडी घासताना नळ वाहत नसतो आणि भांडी निघतातही स्वच्छ. एवढंच टिपा. त्यातून संसार, वैराग्य आणि निसर्गाचा समतोल असे तीन बोध काढलेत तर तिन्ही सैल राहतील.

५. अर्थ लावायची घाई करू नका

दोन्ही पानं लिहून झाली की वही मिटा. बोध लिहायला तीन-चार दिवसांनी परत या. विरजण लावलेलं भांडं सारखं उघडून हलवलं तर दही लागत नाही, तसंच हे आहे. त्याच रात्री लिहिलेला अर्थ बहुधा कुठेतरी ऐकलेलं एखादं सुवचन असतं. ते खोटं नसतं, पण तुमचंही नसतं.

मन दुखावणाऱ्या प्रसंगाला आणखी वेळ द्या. भांडणाच्या रात्री सुचलेल्या प्रत्येक बोधात आपणच बरोबर असतो.

६. बोध उद्याच्या वागण्यात उतरतो का, ते तपासा

मी स्वतःला दोन प्रश्न विचारते.

वाक्याचा कर्ता 'मी' आहे का? 'माणसांनी दुसऱ्याच्या वेळेची किंमत ठेवावी' हा बोध लोकांसाठी झाला. 'मी काउंटरवर समोरचा बोलत असताना स्क्रीनकडे बघणार नाही' हे माझ्यासाठी.

हे करायला मला काही सोडावं लागतं का? वेळ, सोय, थोडे पैसे, आपलंच खरं करण्याची हौस, यांतलं काहीच सोडावं लागत नसेल तर तो बोध अजून कच्चा आहे. डावं पान पुन्हा वाचा.

मेथीच्या पानाखाली मी काही दिवसांनी लिहिलं: 'समोरचा तयार असला, म्हणून त्याच्या उपयोगाचं नसलेलं मी त्याला देणार नाही.' माझ्या कामात याला थेट अर्थ आहे. पेन्शन काढायला येणारे आजी-आजोबा विश्वासानं 'तुम्ही सांगाल तिथे सही करतो' म्हणतात, आणि योजना खपवायचं टार्गेट आमच्या डोक्यावर असतंच. आता मी त्यांना आधी विचारते की पैसे कधी लागणार आहेत. पाच वर्षं पैसे अडकवणारी योजना त्यांच्या कामाची नसेल तर तसं स्पष्ट सांगते. टार्गेट मागे पडतं तेव्हा ऐकून घ्यावं लागतं. त्या भाजीवालीच्याही दोन जुड्यांचे पैसे गेलेच होते.

ज्या ओळीपुढे आठवड्याभरात अशी एकही कृती लिहिता आली नाही, तिच्यापुढे मी प्रश्नचिन्ह करते आणि तशीच ठेवते.

७. दुःखाच्या प्रसंगात ही पद्धत कशी वापरावी

इथे चूक झाली तर माणसं कायमची दुखावतात, म्हणून नीट वाचा.

दुसऱ्याच्या दुःखातून त्याला बोध काढून देऊ नका. हॉस्पिटलच्या बाकावर बसलेल्या माणसाला 'देव परीक्षा बघतो', 'मागच्या जन्माचं असेल', 'यातून काहीतरी शिकायचं असेल तुम्हाला' असं सांगू नये. मनात आलं तरी तोंडाबाहेर काढू नये. डबा न्या, रात्री बदलीला बसा, औषधं आणून द्या.

स्वतःच्या दुःखाकडूनही बोध मागू नका. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात माझ्या वहीत जवळजवळ फक्त डावी पानं आहेत: औषधांच्या वेळा, किती घास जेवल्या, रात्री कितीदा हाक मारली. अर्थ लावायचं त्राण नव्हतं आणि तशी इच्छाही नव्हती. पुष्कळ काळानं ती पानं परत वाचली तेव्हा एक ओळ पुन्हा पुन्हा दिसली. रात्रपाळीला येणाऱ्या बाईंना त्या रोज विचारायच्या, 'जेवलीस का गं?' स्वतःला गिळता येत नव्हतं त्या दिवसांतही विचारायच्या. मी तेव्हा ते नुसतं उतरवून घेतलं होतं. आता आमच्याकडे कामाला येणाऱ्या कुणालाही मी हा प्रश्न विचारल्याशिवाय राहत नाही.

आणखी दोन गोष्टी ठामपणे सांगते.

अन्यायाला धडा समजू नका. अवधूतानं पृथ्वीकडून क्षमा घेतली, हे खरं. पण घरात मारहाण होत असेल किंवा ऑफिसात कुणी त्रास देत असेल, तर 'मला सहनशीलता शिकायची आहे' असं वहीत लिहून गप्प बसणं योग्य नाही. आधी मदत मागा. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या प्रसंगी ११२ हे क्रमांक आहेत. सुरक्षित झाल्यावर हवं तेवढं लिहा.

आणि झोप-भूक दोन-तीन आठवडे उडाली असेल, जगणंच नको वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा. वही त्यांच्या औषधाची जागा घेत नाही. उपचार घेणं म्हणजे श्रद्धा कमी पडली, असंही नाही.

८. संकेतांच्या मागे लागू नका

घड्याळात सारखे आकडे दिसले, निघताना मांजर आडवं गेलं, बसच्या काचेवर देवाचं नाव दिसलं: यांतून निर्णय काढायला लागलं की पद्धत भरकटते. ज्या गोष्टीनं तुमच्या वागण्यात काही बदलायला हवं असं दिसत नाही, ती लिहू नका.

९. पुण्यात सराव कुठे करावा

वेगळं कुठे जायची खरं तर गरज नाही. पीएमपीच्या बसमध्ये किंवा मेट्रोत रोज वीस मिनिटं मोबाइल पिशवीत ठेवला तरी महिन्याचा मजकूर मिळतो. पर्वतीच्या १०३ पायऱ्या पहाटे न बोलता चढा आणि धाप लागल्यावर मन काय काय बोलतं ते ऐका. बुधवार पेठेतल्या दत्तमंदिरात गुरुवारी रांगेत उभे राहा. मागून ढकललं जातं तेव्हाचं आपलं मन टिपण्यासारखं असतं.

पण मला सगळ्यांत मोलाचे वाटतात ते पालख्यांच्या मुक्कामाचे दिवस. आषाढी वारीत आळंदीहून माउलींची आणि देहूहून तुकोबांची पालखी पुण्यात येते. माउलींचा मुक्काम भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात आणि तुकोबांचा नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरात असतो. रस्त्याकडेला उभं राहून फोटो काढून परतलात तर हाती फारसं लागणार नाही. एकच दिंडी निवडा आणि अर्धा तास तिच्याजवळ थांबा. विणेकरी विणा खाली ठेवत नाहीत. तो दुसऱ्याच्या गळ्यात देतात तेव्हा काय करतात ते बघा. डोक्यावर तुळस घेतलेली बाई बसताना तुळस कशी उतरवते ते बघा. दोन वारकरी भेटले की वय न बघता एकमेकांच्या पाया पडतात. मोठा कोण, आधी कुणी वाकायचं, याचा तिथे हिशेब नसतो. आणि जमलं तर बघण्याऐवजी हातच लावा. पाणी द्यायला, चपला शिवून द्यायला, पाय चेपायला माणसं लागतातच. त्या रात्रीचं डावं पान फार सहज लिहिलं जातं.

एका ठिकाणी मात्र सरावासाठी जाऊ नये: वैकुंठ स्मशानभूमीत. तिथे आपल्या माणसाला पोचवायला जावं. लोकांचं दुःख बघून वैराग्य मिळवायला जाणं मला पटत नाही.

१०. वही परत वाचा

कॅलेंडरवर दोन दिवसांना खूण करा: आषाढी एकादशी आणि दत्तजयंती, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा. या दोन दिवशी मागची सगळी पानं वाचायची.

वाचताना हातात पेन ठेवा. जो बोध प्रत्यक्षात टिकला नाही त्यावर आडवी रेघ मारा. सुरुवातीला अर्ध्याहून जास्त ओळींवर रेघा पडतील. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. मग बघा, कुठलं माणूस, कुठला राग, कुठली जागा पुन्हा पुन्हा येते. त्याची एक वेगळी यादी करा आणि ती आपल्या ऐकणाऱ्या माणसाला वाचून दाखवा. आपल्याला न दिसलेली गोष्ट त्याला बहुतेक वेळा चटकन दिसते. पूर्ण वही मात्र कुणाच्या हाती देऊ नका, कारण तिच्यात इतरांचं खासगी असतं. मी नावांऐवजी आद्याक्षरंच लिहिते.

वही भरली की नवी आणा. जुन्या वहीतली सगळ्यात जास्त वेळा आलेली, तरीही न उलगडलेली घटना नव्या वहीच्या पहिल्या डाव्या पानावर उतरवून घ्या, आणि त्याच माणसाची, त्याच जागेची पुढची भेट होईल त्या दिवसापासून लिहायला लागा.